मुद्दाम नापास

अफनान परकारला भीती वाटते असं कुणी म्हणालं असतं तर अबू धाबीच्या मुसफ्फातल्या त्याच्या यार्डात हशा पिकला असता. सहा फूट उंच, आडदांड गडी. पन्नास टनी क्रेन चालवायचा. हुकाला आठ-दहा टनांचा लोखंडी बीम लटकलेला, खाली माणसांची ये-जा, आणि हा वर केबिनमध्ये असा निवांत की बघणाऱ्याचाच जीव खालीवर व्हावा. पण गेलं वर्षभर हाच माणूस आतून पार हादरलेला होता, आणि बायकोलासुद्धा त्यानं पत्ता लागू दिला नव्हता.

भीती विसरण्याची होती. आता विसरतं कोण नाही हो? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माणसं काय कमी आहेत? पण अफनानचं विसरणं निराळं होतं. समोरचं दिसायचं, लख्ख दिसायचं, आणि त्याचं करायचं काय तेच सुचायचं नाही. एकदा लिफ्टमध्ये शिरला आणि बटणांकडे बघत उभा राहिला. आपण कुठल्या मजल्यावर राहतो? दार मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. शेजारच्या मल्याळी बाईंनी आत येऊन चार नंबरचं बटण दाबलं तेव्हा त्याला आठवलं. त्यानं हसून "थँक यू" म्हटलं आणि घरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

उझमाला सांगावं असं त्याला दहादा वाटलं, पण सांगायचं कसं? उझमा श्रीवर्धनची. बोलायला फटकळ, मनानं हळवी. हिला सांगितलं तर ही रात्रंदिवस आपल्या तोंडाकडे बघत बसणार. आणि इनाया, सहा वर्षांची पोरगी. तिची शाळा, त्यांचं शाबियातलं दोन खोल्यांचं घर, तिघांचे व्हिसे, सगळं त्या क्रेनच्या हुकाला अडकवलेलं. क्रेन गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला. मग सामान बांधा आणि चला. त्यामुळे गडी गप्प बसला आणि मनातल्या मनात म्हणत राहिला, होईल ठीक, इन्शाल्ला. ठीक काही झालं नाही.

त्या मंगळवारी सकाळी दहाचा सुमार होता. एक बीम लाकडी ठोकळ्यांवर उतरवायचा होता, रोजचंच काम. खाली रामचंद्र होता. रामचंद्र गावडे कुडाळचा, माल बांधणारा आणि क्रेनवाल्याला हाताच्या खुणा करणारा. नऊ वर्षं दोघं जोडीनं काम करत होते. क्रेनवाल्याचं एक असतं, हजार माणसं ओरडली तरी त्यानं एकाच माणसाच्या हाताकडे बघायचं. अफनानला रामचंद्रच्या हाताची इतकी सवय झाली होती की त्याचं बोट हललं की याचा लिव्हर हलायचा, मध्ये विचार करायला जागाच नसायची. त्या दिवशी रामचंद्रनं बोट खाली करून गोल फिरवलं, म्हणजे सोड खाली. अफनान सोडत गेला. बीम हातभर वर असताना एक ठोकळा सरकलेला दिसला, म्हणून रामचंद्र वाकला, एका हातानं ठोकळा धरला आणि दुसरा हात आडवा, तळवा खाली करून हलवला.

अफनानला तो हात दिसला. मनगटावरचा लाल दोरासुद्धा दिसला. पण त्या खुणेचा अर्थ काय ते काही केल्या आठवेना. थांब? डावीकडे? आणखी खाली? तोवर बीम उतरतच होता. रामचंद्रनं किंकाळी फोडली आणि मागे उडी घेतली. ठोकळा काडकन फुटला. त्या आवाजानं अफनान भानावर आला आणि त्यानं लिव्हर ओढला. ठोकळ्यावर जिथं फट पडली होती, बरोबर तिथं क्षणापूर्वी रामचंद्रची चार बोटं होती.

केबिनमधून तो खाली कसा उतरला त्याचं त्यालाच माहीत.

"रामचंद्र, लागलं? हात दाखव, हात दाखव आधी!"

"माका काय झाला नाय," रामचंद्र म्हणाला. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं. "भाय, माझो हात दिसलो नाय तुका?"

"दिसला."

"मगे?"

अफनाननं त्याचा हात उलटापालटा करून बघितला. शेवटी रामचंद्रच इकडेतिकडे बघत कुजबुजला, "गप रव. माझोच पाय घसरलो, असा सांगतंय मी." आणि सांगितलंही त्यानं तसंच. आता या माणसाला काय म्हणावं? चार बोटं गमवायची वेळ आली होती आणि हा दुसऱ्याची नोकरी वाचवत होता.

पण यार्डात कॅमेरे असतात, आणि सेफ्टी ऑफिसर विजयकुमार ठाण्याचा, अठरा वर्षं याच कामात मुरलेला माणूस. त्यानं फूटेज तीनदा बघितलं आणि अफनानला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं.

"अफनान, त्याचा पाय घसरला नाही. तुम्ही थांबला नाहीत. का?"

"सर, झोप झाली नव्हती. मुलीला ताप होता." साफ खोटं. इनाया ठणठणीत होती.

"पंधरा दिवस वर चढायचं नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन दाखवून या. 'क्रेनसाठी फिट' असा कागद आणा, मी लगेच सही करतो. नाही आणलात तर माझा नाइलाज आहे. परवा माझ्यावर कुणाच्या तरी बायकोला 'तुमचा माणूस गेला' असा फोन करायची वेळ येईल, आणि तो फोन मला करायचा नाही. खलास."

बाहेर येऊन अफनान पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. बाहेर बेचाळीस डिग्री आणि यानं एसीसुद्धा लावला नव्हता. कारण मेंदूच्या डॉक्टरकडे काय विचारतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो हा प्रकार एकदा करून बसला होता, आणि कसा, ते ऐकण्यासारखं आहे.

अफनानचे अब्बा, वली परकार, दाभोळहून इथं आले तेव्हा त्यांच्याकडे एक वेल्डिंगची टोपी आणि भलतीच हिंमत, एवढंच होतं. मुसफ्फात ग्रिल आणि गेट बनवायचं दुकान टाकलं. पोरगा इंजिनियर व्हावा म्हणून अल ऐनला विद्यापीठात घातला. तिथं एका अमेरिकन प्राध्यापकाच्या डोक्यात आलं की पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवावा. विद्यापीठाची पहिलीच टीम. बावीस पोरं आणि हेल्मेटं चौदा. एकानं घामानं भिजलेलं काढायचं आणि दुसऱ्यानं तेच चढवायचं. कुणाला ढिलं, कुणाला इतकं घट्ट की कान सोलून निघायचे. कॉलेजच्या त्या पहिल्यावहिल्या गड्यांत एक आपला कोकणी, अफनान परकार.

वलीभाई मशिदीबाहेर सगळ्यांना सांगत सुटले, "पोरगा फुटबॉल खेळतो कॉलेजात." एकदा मॅच बघायला अल ऐनला गेले. बघतात तर चेंडू सोललेल्या नारळासारखा, पोरं तो काखेत मारून पळतायत, आणि अफनानचं काम एकच, समोरच्या दांडग्याला धडक मारायची. शिट्टी झाली की धडक. पुन्हा शिट्टी, पुन्हा धडक. पूर्ण मॅचभर त्याच्या हाताला चेंडू लागला नाही. परतताना वलीभाई म्हणाले, "काय रे, तुला चेंडू कुणाकडे आहे ते तरी कळतं का?" अफनान हसत म्हणाला, "अब्बा, ते बघायचं माझं कामच नाही." म्हातारा दुबईच्या मित्रांना वर्षभर हा किस्सा ऐकवत होता.

त्या धडकेचं त्याला वेड लागलं होतं, खोटं कशाला बोला. वर्गात तो मागच्या बाकावरचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. मैदानात मात्र समोरचा जॉर्डनचा पोरगा त्याला बघून एक पाऊल मागे सरायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला घाबरतंय हे एकोणीस वर्षांच्या पोराला किती गोड वाटतं!

सीझन सुरू व्हायच्या आधी टीमच्या फिजिओथेरपिस्ट बाई प्रत्येकाची परीक्षा घ्यायच्या. पाच शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे. महिने उलटे म्हणायला लावायचे. आकडे उलटे. एका पायावर उभं राहायचं. त्याचे मार्क कार्डावर लिहून ठेवायचे. पुढे मॅचमध्ये डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा, आणि मार्क कमी आले की बाहेर, तीन आठवडे बाकावर. ओवेस नावाचा हैदराबादी पोरगा टीममध्ये होता, महा उपद्व्यापी. त्यानं सगळ्यांना युक्ती शिकवली. "भाई, पहलेच थोड़ा बुद्धू बनके दिखाओ. बाद में सर फूटा तो भी नंबर उतनेच आते. कौन निकालेगा?"

आणि ही अक्कल सगळ्या टीमनं घेतली! इंजिनियर व्हायला निघालेली पोरं रांगेनं जाऊन मठ्ठपणाचं नाटक करून आली. अफनाननं पाचातले दोन शब्द सांगितले आणि तीन "आठवत नाहीत" म्हणून डोकं खाजवलं. उलटे महिने म्हणताना ऑगस्टपाशी अडखळला. आकडे तीनच्या पुढे नेले नाहीत. बाहेर येऊन ओवेसला टाळी दिली. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं गड्याला.

तिसऱ्या मॅचमध्ये एका धडकेत डोक्यात पांढरा उजेड झाला. शिट्टी कुठून तरी पाण्याखालून ऐकू आल्यासारखी वाटली. बाईंनी कडेला बसवून पाच शब्द ऐकवले, त्याला दोन आठवले. या वेळी नाटक नव्हतं, खरंच दोनच आठवले. बाईंनी कार्ड बघितलं. तेवढेच मार्क. "ओके, गो." आणि हा गेला, त्याच डोक्यानं. दहा मिनिटांत दुसरी धडक बसली आणि नंतरचं त्याला आठवतं ते थेट अँब्युलन्सचं छत.

महिनाभर पडदे ओढून पडून होता. उजेड सोसवेना, पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पोटात ढवळणं थांबलं, पण अभ्यास पुन्हा जमला नाही तो नाहीच. वर्ष वाया गेलं आणि त्यानं कॉलेज सोडलं. वलीभाई इतके चिडले की तीन महिने बोलले नाहीत. "खेळाच्या नादी लागून वाटोळं करून घेतलंस." त्या कार्डाची गोष्ट त्यानं अब्बांनाही सांगितली नाही. सांगणार काय, की मी मुद्दाम नापास झालो आणि म्हणून माझं डोकं फुटलं? मग दुकानात उमेदवारी, मग क्रेनचं लायसन्स, मग उझमा, मग इनाया. अब्बा-अम्मी गावी परतले. डोकं अधूनमधून दुखायचं, त्याला पॅनाडॉल होती. आणि आता एकतिसाव्या वर्षी हे सुरू झालं.

त्यानं तयारी सुरू केली. बाथरूममध्ये शॉवरखाली उभा राहून उलटे महिने म्हणायचा. दाराबाहेरून उझमानं हटकलं, "काय पुटपुटताय हो आत?"

"रमजानला किती महिने राहिले ते मोजतोय."

"उलटे?" ती हसली. "या माणसाचं काही खरं नाही."

तिच्या हसण्यानं त्याला भडभडून आलं. शेवटी डॉक्टरकडे जायचा दिवस उगवला तेव्हा त्यानं तिला निम्मं सांगितलं. कामावर एक चूक झाली, कंपनीला चेकअप हवाय, रूटीन आहे. उझमानं त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "मी येणार." तिच्या त्या स्वरापुढे कुणाचं काही चालत नसे.

डॉक्टर शोभना मूळच्या पुण्याच्या, अबू धाबीत वीस वर्षं. कोकणी आडनाव बघून त्यांनी लगेच, "या, बसा, कुठले तुम्ही?" असं विचारलं. एवढ्यानंसुद्धा अफनानला धीर आला. फॉर्मवर 'पूर्वी डोक्याला मार?' या रकान्यात त्यानं प्रामाणिकपणे अल ऐन, अमेरिकन फुटबॉल असं लिहिलं होतं. मग परीक्षा झाली. नेमकी तीच. बटन, लेमन, जॅकेट, रिव्हर, आणि पाचवा एक. अफनाननं देवाशपथ जीव ओतला. घाम कपाळावरून नाकावर आला. मध्ये डॉक्टरांनी महिने विचारले, आकडे विचारले, एका पायावर उभं केलं. मग म्हणाल्या, "मघाचे पाच शब्द सांगा."

"बटन," तो म्हणाला. "जॅकेट." आणि तिथं सगळं संपलं. आत हात घालावा आणि डबा रिकामा निघावा तसं झालं. उझमा शेजारच्या खुर्चीवर होती. तिची ओढणीवरची बोटं थांबलेली त्याला दिसली.

एमआरआय झाला. आठवड्यानं पुन्हा बोलावलं. तो आठवडा दोघांनी कसा काढला ते न सांगितलेलं बरं. उझमा काही विचारत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. एरवी तिचं तोंड घटकाभर बंद नसायचं. आता भाजी निवडता निवडता थांबायची आणि उगाच म्हणायची, "मलासुद्धा दोनच आठवले असते."

दुसऱ्या खेपेला डॉक्टर हसतमुख होत्या. त्यांच्या टेबलावर एका जुन्या कार्डाची प्रत होती.

"एमआरआयमध्ये काळजीचं काही नाही. आणि हे बघा, तुमच्या विद्यापीठाच्या क्लिनिकनं जुनी फाईल पाठवली. मला हेच हवं होतं. नुसत्या मार्कांवरून काही कळत नाही, माणूस मुळात कसा होता ते कळावं लागतं." त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. "एकोणिसाव्या वर्षी, मार लागायच्या आधी, पाचातले दोन. महिने ऑगस्टपाशी अडकले. आकडे तीन. आणि गेल्या आठवड्यात? पाचातले दोन. ऑगस्ट. तीन. अगदी तंतोतंत. म्हणजे बारा वर्षांत काही घसरलेलं नाही. काही माणसांची स्मरणशक्ती मूळचीच बेताची असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. यार्डातली चूक झोप न झाल्यानंच झाली असणार. मी फिट लिहून देते."

"अल्लाचा शुकर!" उझमा रडत रडत हसायला लागली. "डॉक्टर, म्हणजे हे मुळातच मठ्ठ! मला फसवून गळ्यात बांधलं बघा यांच्या घरच्यांनी!" डॉक्टरही हसल्या. पेन कागदावर चाललं होतं.

अफनान त्या कार्डाकडे बघत होता. एकोणिसाव्या वर्षी तो अडाणीपणाचं सोंग करून जिथं पोचला होता, आता जिवाचं रान करून तो बरोबर तिथंच पोचला होता. एक शब्द जास्त नाही. आणि जगात हे एकट्या त्यालाच माहीत होतं. दोन मिनिटं तोंड मिटून बसला की झालं. कागद मिळत होता. उद्या विजयकुमार सही करणार, परवा तो केबिनमध्ये, शाळा चालू, घर चालू, उझमा हसतेय. त्याचं मन गयावया करत होतं, बोलू नको, अरे गाढवा, बोलू नको.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ते कार्ड खोटं आहे."

पेन थांबलं.

त्यानं सगळं सांगितलं. ओवेसची युक्ती, रांगेनं नापास झालेली पोरं, सगळं. डॉक्टर शोभनांनी चष्मा काढला. उझमा त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती.

"हे बघा," डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "घाबरलेला माणूस स्वतःबद्दल काहीही समजून घेतो. बारा वर्षांपूर्वी तुम्हाला खरंच आठवलं नसेल, आणि आता वाटत असेल की मुद्दाम केलं. तुमच्या बोलण्याला काही आधार?"

"इथं नुसते मार्क आहेत, शब्द मागच्या पानावर असतील ना? तेव्हा न सांगितलेले तीन मी आता सांगतो." त्यानं डोळे मिटले. मिटायचीही गरज नव्हती. "सोप. विंडो. कॅमल."

डॉक्टरांनी कार्डाचं मागचं पान उलटलं, डोळ्यांजवळ धरलं. टीमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंच्या अक्षरात पाच शब्द ओळीनं होते, तीन शब्दांपुढे फुल्या. सोप, विंडो, कॅमल.

"विसरायला मेहनत पडली होती, डॉक्टर," अफनान म्हणाला. "जिभेवर येत होते, दाबून धरले होते. बारा वर्षं झाली, अजून जात नाहीत. आणि गेल्या आठवड्यातला तुमचा पाचवा शब्द मला अजून माहीत नाही."

डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं. मग डॉक्टरांनी अर्धवट लिहिलेला कागद फाडला, दुसरा घेतला, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "यार्डात त्या दिवशी खरं काय झालं होतं?" त्यानं तेही सांगितलं. रामचंद्रचा हात दिसला, खूण समजली नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. सहा महिने क्रेन बंद. आणखी तपासण्या, औषधं, व्यायाम. किती सुधारेल? सांगता येत नाही. वाढेल का? तेही सांगता येत नाही.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उझमाचा बांध फुटला. "गप्प बसवत नव्हतं दोन मिनिटं? कागद होता ना हातात! त्या म्हणत होत्या ना फिट! आता कुठं जायचं पोरीला घेऊन? मला आधी सांगितलं असतंत तर मी तुमचं तोंड दाबून धरलं असतं!" लोक वळून बघत होते. तिला त्याची पर्वा नव्हती.

"खाली रामचंद्र असतो," तो म्हणाला.

"रामचंद्र! आणि आम्ही? आम्ही कुणी नाही तुमचे?" ती आणखी काही बोलणार होती, पण शब्द अर्ध्यातच राहिला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. राग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. तिनं भिंतीला हात टेकला.

"रोज सकाळी," ती पुटपुटली. "रोज सकाळी तुमच्या गाडीत इनाया असते."

अफनाननं मान खाली घातली. खिशातली किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. उझमाला ड्रायव्हिंग येत नव्हतं. तिनं किल्ली पर्समध्ये टाकली, चेन ओढली, आणि म्हणाली, "अडीचला शाळा सुटते. टॅक्सी बोलवा."

इनाया गेटमधून धावत आली ती टॅक्सी बघून थबकली. "व्हेअर इज अवर कार?"

"बस आधी," उझमा म्हणाली. टॅक्सी निघाली तसं अफनाननं मागे वळून पोरीला सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. डॅडीच्या डोक्याला बरं वाटत नाहीये. डॅडी आता काही दिवस गाडी चालवणार नाही.

पोरगी रडेल, विचारून विचारून हैराण करील, असं दोघांना वाटलं होतं. तिनं नुसता एक मोठा श्वास सोडला. दप्तर मांडीवरून खाली ठेवलं.

"गुड," ती म्हणाली. "आय वॉज सो टायर्ड, डॅडी."

"टायर्ड?" उझमानं विचारलं. "कशानं गं?"

"टेलिंग हिम व्हेअर टू टर्न. एव्हरी डे, मम्मा. रेड मीन्स स्टॉप, डॅडी. नाउ लेफ्ट, डॅडी. आय कॅन्ट इव्हन ब्लिंक."

टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली. उझमानं पोरीला ओढून मांडीवर घेतलं, एवढी मोठी झाली होती तरी. दोन सिग्नल जाईपर्यंत इनायाचे डोळे मिटले होते.